विश्लेषण : टायर ताशी १९० किमीचा, मग ताशी १०० ला का फुटतो?

‘भरधाव मोटारीचा टायर फुटला, चालकाचा ताबा सुटला आणि गाडी दुभाजकावर आदळली.’ उन्हाळा सुरू झाला, की हे वाक्य बातम्यांत वारंवार दिसू लागते. ते इतके रुळले आहे की वाचणाराही पुढचा प्रश्न विचारत नाही. टायर का फुटला? तो किती जुना होता? त्यात हवा किती होती, गाडीत माणसे किती होती? ‘टायर फुटला’ या दोन शब्दांवर पंचनामाही थांबतो आणि हळहळही. जणू वीज पडावी तसा टायर फुटतो आणि त्यात कोणाचा दोष नसतो.

सोलापूरसारख्या शहराला हा समज महागात पडणारा आहे. पुणे-हैदराबाद महामार्ग इथून जातो. विजयपूर, तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर, सांगली अशा दिशांना रस्ते फुटतात. चौपदरीकरणानंतर गाड्यांचा वेग वाढला आहे. नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्ग आणि सुरत-चेन्नई द्रुतगती मार्ग यांच्या आखणीतही सोलापूर जिल्हा आहे. रस्ते वेगाचे झाले, गाड्या वेगाच्या झाल्या. पण गाडी आणि रस्ता यांच्यामध्ये जे चार तळहाताएवढे रबर टेकलेले असते, त्याकडे मात्र पंक्चर झाल्याशिवाय कोणी पाहत नाही. त्या रबरावर त्याच्या वेगाची मर्यादा छापलेली असते. ती वाचायची कशी आणि तिच्यावर किती विसंबायचे, हे समजले तर ‘टायर फुटला’ ही अपघाताच्या कहाणीची सुरुवात आहे, शेवट नव्हे, हे लक्षात येते.

टायरवरचे शेवटचे अक्षर काय सांगते?

मोटारीच्या टायरच्या बाजूवर ‘१८५/६५ आर १५ ८८ टी’ अशा धर्तीचा मजकूर इंग्रजीत कोरलेला असतो. १८५ ही टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या ६५ टक्के. ‘आर’ म्हणजे रेडियल रचना आणि १५ म्हणजे रिमचा व्यास इंचांत. टायर बदलताना बहुतेक ग्राहक एवढेच पाहतात. पण सुरक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत ते त्यापुढचे दोन : ८८ आणि ‘टी’.

८८ हा भार निर्देशांक. तो थेट किलो सांगत नाही. त्यासाठी ठरलेला तक्ता आहे. ८२ म्हणजे एका टायरवर कमाल ४७५ किलो, ८८ म्हणजे ५६० किलो, ९१ म्हणजे ६१५ किलो. शेवटचे अक्षर वेगाचे. ‘एल’ म्हणजे ताशी १२० किमी, ‘एम’ १३०, ‘एन’ १४०, ‘पी’ १५०, ‘क्यू’ १६०, ‘आर’ १७०, ‘एस’ १८०, ‘टी’ १९०, ‘यू’ २००, ‘एच’ २१० आणि ‘व्ही’ २४०. ‘यू’नंतर ‘एच’ हा क्रम चुकल्यासारखा वाटतो, पण तो तसाच आहे. छोट्या आणि मध्यम मोटारींना सहसा ‘एस’, ‘टी’ किंवा ‘एच’ टायर येतात. अवजड वाहनांच्या टायरवर ‘जे’ म्हणजे १०० किंवा ‘के’ म्हणजे ११० अशी अक्षरे दिसतात. दुचाकीच्या टायरवरही असे अक्षर असतेच.

आपल्याकडे चौपदरी महामार्गावर मोटारीला साधारणपणे कमाल ताशी १०० किमी आणि समृद्धी महामार्गावर १२० किमी वेगाची मुभा आहे. म्हणजे ‘टी’ टायर कायदेशीर वेगाच्या कितीतरी पुढे आहे. इथेच फसगत होते. ‘टायर १९० चा आहे, १३०-१४० ने काय बिघडणार?’ असा हिशेब मनात मांडला जातो. ते अक्षर चालकाला दिलेला परवाना आहे, असा त्याचा अर्थ घेतला जातो.

हे अक्षर ठरते कसे?

टायरची वेगक्षमता रस्त्यावर नव्हे, प्रयोगशाळेत तपासतात. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार मोटारीचा नवा टायर रिमवर चढवून, ठरलेल्या दाबाने हवा भरून, एका मोठ्या फिरत्या पोलादी ड्रमवर ठरावीक भार देऊन दाबला जातो. मग वेग टप्प्याटप्प्याने वाढवत नेतात. शेवटचा टप्पा त्या अक्षराच्या वेगाचा असतो. संपूर्ण चाचणी सुमारे तासाभराची आणि खोलीचे तापमान साधारण २० ते ३० अंश. त्यानंतर टायरचे थर सुटलेले नसावेत, तुकडे उडालेले नसावेत, आतल्या दोऱ्या तुटलेल्या नसाव्यात. भारतातही टायरसाठी भारतीय मानक ब्यूरोची मानके आणि आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे.

म्हणजे ‘टी’ या अक्षरामागे अनेक अटी दडलेल्या आहेत. टायर नवा हवा. हवा नेमकी हवी. भार मर्यादेत हवा. टायरला जखम नको. आणि बाहेर मे महिन्यातले सोलापूर नको. यातली एकेक अट गळत गेली, की १९० चा आकडाही खाली घसरत जातो. तो किती खाली आला, हे टायरवर कुठेही लिहून येत नाही. पाच वर्षे वापरलेला, दोनदा पंक्चर काढलेला, हवा कमी असलेला टायर अजूनही ‘टी’च दाखवतो.

मग कमी वेगात टायर का फुटतो?

टायरचा खरा शत्रू उष्णता आहे. वेग, भार, कमी हवा हे सगळे त्या उष्णतेपर्यंत पोहोचण्याचे वेगवेगळे रस्ते आहेत.

गाडीचे वजन पेलताना टायर जमिनीपाशी चपटा होतो आणि वर जाताना पुन्हा गोल होतो. वर सांगितलेल्या मापाच्या टायरचा परीघ साधारण १.९५ मीटर भरतो. ताशी १०० किमी वेगात तो सेकंदाला सुमारे १४ फेरे घेतो. १२० वेगात १७. सोलापूर ते पुणे या सुमारे २५० किमीच्या प्रवासात एकेक टायर सव्वा लाखांहून अधिक वेळा चपटा होतो आणि पुन्हा गोल होतो. तार सारखी वाकवली की ती जशी वाकलेल्या जागी गरम होते, तसेच रबराचे होते. हवा योग्य असेल तर हे वाकणे मर्यादेत राहते आणि तयार झालेली उष्णता वाऱ्याबरोबर निघून जाते. हवा कमी असेल तर टायरची बाजू अधिक वाकते, उष्णता वाढते आणि बाहेर जाणाऱ्या उष्णतेपेक्षा आत तयार होणारी जास्त होते.

वेग फारच वाढला तर आणखी एक प्रकार घडतो. चपटा झालेला भाग पूर्ण गोल होण्याआधीच पुढचा धक्का येतो. टायरच्या पृष्ठभागावर लाटा उभ्या राहतात. या अवस्थेत काही मिनिटांतच टायर इतका तापतो की नक्षीचा पट्टा आतल्या थरांपासून सुटू लागतो. हवा योग्य असलेल्या चांगल्या टायरमध्ये हा टप्पा फार वरच्या वेगाला येतो. हवा जितकी कमी, तितक्या कमी वेगात तो येतो. ‘१९० चा टायर १०० ला का फुटला’ याचे उत्तर बहुतेक वेळा इथे असते. तो टायर फुटला त्या क्षणी १९० चा राहिलेलाच नसतो.

म्हणूनच टायर बहुधा गावात फुटत नाही. कमी हवेचा टायर आठवडाभर शहरात निमूट चालतो. २०-३० च्या वेगात त्याला थंड व्हायला वेळ मिळतो. मग रविवारी तीच गाडी महामार्गावर येते, तासभर सलग १०० ने धावते आणि आठवडाभराचे दुर्लक्ष एकदम वसूल होते.

उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी का?

सोलापुरातच नव्हे, सगळ्या महाराष्ट्रात पक्का बसलेला समज म्हणजे ‘उन्हाळ्यात दोन-तीन पॉइंट हवा कमी ठेवायची, नाहीतर टायर फुटतो.’ हा सल्ला वडीलधारेही देतात आणि हवा भरणारेही. तो चुकीचा आहे आणि धोकादायकही.

तापमान वाढले की टायरमधला दाब वाढतो, हे खरे आहे. ढोबळमानाने दर साडेपाच अंशांना एक पीएसआय. सकाळी ३३ पीएसआय भरलेला टायर दुपारी धावताना ३७-३८ दाखवू शकतो. पण ही वाढ टायर बनवणाऱ्याने आणि गाडी बनवणाऱ्याने आधीच गृहीत धरलेली असते. दारावरच्या पट्टीवर लिहिलेला आकडा ‘थंड’ टायरचा असतो, तो याचसाठी. वाढलेला दाब पाहून घाबरून हवा सोडली, की टायर थंड झाल्यावर ती प्रत्यक्षात कमी पडते. कमी हवेने वाकणे वाढते, वाकण्याने उष्णता वाढते. दुपारी डांबराचे तापमान साठ अंशांच्या घरात गेलेले असते, तेव्हा ही उष्णता बाहेर पडायलाही जागा नसते. फुटू नये म्हणून केलेली गोष्टच फुटण्याचे कारण होते.

अति हवाही वाईटच. टायर ताठ होतो, मधोमध झिजतो, खड्ड्याचा मार थेट आतल्या दोऱ्यांना बसतो. टायरच्या बाजूवर ‘कमाल दाब’ म्हणून छापलेला आकडा हा भरायचा आकडा नव्हे. ती सीमारेषा आहे. भरायचा आकडा गाडीचा असतो, टायरचा नसतो. तो चालकाच्या दाराच्या चौकटीवर किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आत लिहिलेला असतो. माणसे आणि सामान भरून जाताना वेगळा आकडा असेल, तर तोही तिथेच दिलेला असतो.

नायट्रोजनचा गवगवाही याच प्रश्नाभोवती आहे. साध्या हवेतच सुमारे ७८ टक्के नायट्रोजन असतो. शुद्ध नायट्रोजन थोडा सावकाश झिरपतो, ओलावा नसतो, एवढा फायदा आहे. पण ‘नायट्रोजन भरलाय’ म्हणून दोन-दोन महिने दाब न पाहणाऱ्याच्या टायरपेक्षा दर पंधरा दिवसांनी साधी हवा तपासणाऱ्याचा टायर केव्हाही सुरक्षित.

अमेरिकेतील फायरस्टोन प्रकरणाने काय शिकवले?

कमी हवा, ऊन, वेग आणि भार एकत्र आले की काय होते, याचा मोठा धडा अमेरिकेने २५ वर्षांपूर्वी घेतला. ऑगस्ट २००० मध्ये फायरस्टोन कंपनीने ६५ लाख टायर परत मागवले. त्यातले बरेचसे फोर्ड एक्स्प्लोरर या उंच गाडीला बसवलेले होते. धावत्या गाडीत नक्षीचा पट्टा सुटायचा आणि गाडी उलटायची. तिथल्या महामार्ग सुरक्षा यंत्रणेने या टायरशी संबंधित २७१ मृत्यूंची नोंद केली. टेक्सास, अ‍ॅरिझोना, फ्लोरिडा, कॅलिफोर्निया अशा उष्ण राज्यांत हे प्रकार जास्त घडले होते. टायरमधला दोष हा वादाचा एक भाग होता. फोर्डने सुचवलेला २६ पीएसआय हा कमी दाब हा दुसरा.

त्यानंतर अमेरिकेने कायदा केला आणि पुढे नव्या मोटारींत हवेचा दाब कमी झाला की चालकाला सांगणारी यंत्रणा सक्तीची झाली. म्हणजे तिथे ‘टायर फुटला’ इथे चर्चा संपली नाही. तिथून सुरू झाली.

दहा माणसांची सात आसनी गाडी

सोलापूर हे तीर्थयात्रेच्या वाटेवरचे शहर. तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर आणि पलीकडे गाणगापूर. नवरात्रात, आषाढीला, लग्नसराईत सात आसनी गाडीत दहा जण बसतात, लहान मुले मोजलीच जात नाहीत आणि बॅगा टपावर जातात. अशा गाडीचा जादा भार बहुतांशी मागच्या दोन टायरवर पडतो. भार निर्देशांक हा चार टायरवर समान भार पडेल असे गृहीत धरून बेरीज करण्यासाठी नसतो. प्रत्येक टायरपुरता असतो.

भार आणि वेग यांचे अंक वेगवेगळे छापलेले असले तरी टायरच्या पोटात ते एकत्रच येतात. जास्त भार म्हणजे जास्त वाकणे, म्हणजे जास्त उष्णता, म्हणजे कमी सुरक्षित वेग. भरलेली गाडी रिकाम्या गाडीच्याच वेगाने हाकायची, हा आपल्या रस्त्यांवरचा सर्वसाधारण रिवाज आहे. उशीर झालेला असेल, तर भरलेली गाडीच अधिक वेगाने हाकली जाते.

टायर ‘गोटा’ होईपर्यंत थांबायचे का?

नक्षी गुळगुळीत झालेल्या टायरला बोलीभाषेत ‘गोटा झाला’ म्हणतात. मोटारीच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल असावी, असा नियम आहे. नक्षीच्या खाचांमध्ये छोटे उंचवटे दिलेले असतात. नक्षी त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. पण पावसात रस्त्यावर पाणी साचलेले असताना पाणी बाजूला सारण्याची ताकद त्याच्या कितीतरी आधी कमी झालेली असते.

आणि नक्षी शाबूत आहे म्हणून टायर चांगला आहे, असेही नाही. रबर वयाने कडक होते, बारीक भेगा पडतात. टायरच्या बाजूवर चार आकडी संख्या असते : ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालातला २३ वा आठवडा. पाच वर्षांनंतर दरवर्षी टायर जाणकाराकडून तपासून घ्यावा आणि दहा वर्षांनंतर नक्षी कशीही असली तरी वापरू नये, असा सल्ला अनेक टायर कंपन्या देतात. घरी उभी असणारी, वर्षाला चार हजार किमी चालणारी आजोबांची गाडी या बाबतीत सर्वांत फसवी. नक्षी नव्यासारखी, रबर मात्र म्हातारे.

सर्वांत अवघड प्रश्न सेकंडहँड टायरचा. कोणीतरी काढून टाकलेला टायर पॉलिश लावून काळाभोर केला की नवा दिसतो. त्याने पूर्वी किती खड्डे झेलले, कमी हवेवर तो किती पळाला, हे बाहेरून कळत नाही. असे टायर घेणारा सहसा हौशी चालक नसतो. तो असतो हप्ते फेडणारा टॅक्सीवाला. चार टायरचा नवा संच म्हणजे त्याच्या महिन्याच्या कमाईचा मोठा लचका. त्याला नुसते ‘निष्काळजी’ म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण गाडी दुसऱ्याची आणि टायर घ्यायचा निर्णय मालकाचा असेल, तर फुटलेल्या टायरचा जाब रोजंदारीवरच्या चालकाला एकट्याला विचारणे हाही अन्यायच.

देवाची करणी की माणसाची?

या प्रश्नावर मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्पष्ट उत्तर दिले आहे. ऑक्टोबर २०१० मध्ये पुण्याहून मुंबईला निघालेल्या एका मोटारीचा मागचा टायर फुटून अपघात झाला आणि गाडीतील एकाचा मृत्यू झाला. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाने कुटुंबाला सव्वा कोटी रुपयांची भरपाई मंजूर केली. विमा कंपनी अपिलात गेली. तिचे म्हणणे होते की टायर फुटणे ही ‘देवाची करणी’, त्यात चालकाचा दोष नाही. न्यायमूर्ती एस. जी. डिगे यांनी ते फेटाळले. ज्यात माणसाचा हात नाही अशी अनपेक्षित नैसर्गिक घटना म्हणजे देवाची करणी. टायर फुटणे त्यात बसत नाही, तो मानवी निष्काळजीपणा आहे, असे न्यायालयाने म्हटले. टायर फुटण्यामागे जास्त वेग, कमी किंवा अति हवा, जुने वापरलेले टायर, तापमान अशी कारणे असतात आणि प्रवासाआधी टायर तपासणे ही चालकाची किंवा मालकाची जबाबदारी आहे, हेही निकालात नोंदवले गेले.

याची दुसरी बाजूही आहे. टायर फुटला, असे सांगितले म्हणजे तो फुटलाच होता असेही नाही. १ जुलै २०२३ रोजी समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ खासगी बस पेटून २५ प्रवाशांचा बळी गेला. चालकाने टायर फुटल्याचे सांगितले होते. परिवहन विभागाच्या अहवालात मात्र त्याचा पुरावा आढळला नाही. ‘टायर फुटला’ हे कारण इतके सोयीचे आहे, याचे कारणच ते तपासले जात नाही हे आहे.

टायर चांगला असेल तर वेग वाढवावा का?

नाही. टायरचे अक्षर वेग सहन करण्याची क्षमता सांगते. गाडी थांबवण्याची नव्हे. ताशी १०० वेगात गाडी सेकंदाला जवळपास २८ मीटर पुढे जाते. समोरचा धोका दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला, तर तेवढे अंतर ब्रेक न लावताच संपते. ८० वरून १२० वर गेलेला वेग दीडपट, पण धडकेतील ऊर्जा सव्वादोन पट.

शिवाय रस्त्यावर सगळे टायर एका जातीचे नसतात. गाळप हंगामात सोलापूर जिल्ह्यातील रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर असतात. ट्रॅक्टरच्या अनेक टायरवर ‘ए ८’ असे चिन्ह असते. त्याचा अर्थ ताशी ४० किमी. रात्री १०० ने जाणाऱ्या मोटारीसमोर, मागे दिवा नसलेली ४० च्या आतली ट्रॉली आली, तर मोटारीचा टायर ‘टी’ आहे की ‘व्ही’, याला काहीच अर्थ उरत नाही. महामार्गावरचा सुरक्षित वेग सर्वांत चांगल्या टायरवरून नव्हे, समोर येऊ शकणाऱ्या सर्वांत संथ वाहनावरून ठरवावा लागतो.

यंत्रणेने काय करायला हवे?

वेग पकडणारे कॅमेरे वाढले. त्यांची गरज आहेच. पण कॅमेऱ्याला ११० चा वेग दिसतो. २२ पीएसआयचा टायर दिसत नाही. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांसाठी होते. या १५ वर्षांत तिचा धूर दरवर्षी पीयूसीच्या निमित्ताने तपासला जातो, टायर एकदाही तपासला जात नाही. धुराइतकेच दोन मिनिटांचे काम टायरचे आहे : नक्षीची खोली, तयार झाल्याचा आठवडा, फुगा-भेगा आणि दाब. पीयूसी केंद्रातच ही नोंद करायला नवी यंत्रणा उभारावी लागणार नाही.

परिवहन विभागाने २०२३ मध्ये समृद्धी महामार्गावर टायर तपासून घासलेल्या टायरच्या गाड्यांना माघारी पाठवले होते. ती पद्धत एका महामार्गापुरती का असावी? पुणे रस्त्यावर सावळेश्वर आणि वरवडे, तुळजापूर रस्त्यावर तामलवाडी, हे टोलनाके जिल्ह्याच्या वाटांवरच आहेत. निदान एप्रिल-मे आणि नवरात्रात तिथे टायर तपासणी व्हावी. दंडाआधी हवा भरून द्यावी आणि दारावरच्या पट्टीचा आकडा दाखवावा. पेट्रोल पंपावर मोफत हवा मिळणे हा ग्राहकाचा हक्क आहे. पण यंत्र बंद, नळी फाटलेली किंवा मीटर भलताच आकडा दाखवणारा असेल, तर हक्क कागदावरच राहतो. पेट्रोलचे माप तपासणाऱ्या यंत्रणेने हवेचे मापही तपासावे. आणि प्रत्येक टायरफुटीच्या अपघातात पंचनाम्यात चार ओळी सक्तीच्या हव्यात : टायरचे वय, नक्षी, उरलेल्या टायरमधला दाब, गाडीतील माणसे. या नोंदी नाहीत म्हणूनच दोष कोणाचा, हे कळत नाही.

निघण्यापूर्वी आणि टायर फुटल्यावर काय करावे?

हवा सकाळी, टायर थंड असताना भरावी. दारावरचा आकडा पाहून, भरणाऱ्याच्या अंदाजाने नव्हे. स्टेपनीही तपासावी. काही गाड्यांत ती अरुंद, तात्पुरती असते आणि तिच्यावर ताशी ८० ची मर्यादा लिहिलेली असते; तिच्यावर पुण्याला जायचे नसते. टायरच्या बाजूला फुगा किंवा चीर असेल तर तो टायर महामार्गावर न्यायचाच नाही. नवा टायर घेताना भार निर्देशांक आणि वेगाचे अक्षर मूळ टायरइतके किंवा त्याहून वरचे असावे. चारपैकी एक टायर कमी अक्षराचा असेल, तर पूर्ण गाडीची मर्यादा त्या एका टायरची.

टायर फुटलाच, तर पहिली प्रतिक्रिया जोरात ब्रेक दाबण्याची होते आणि तीच घात करते. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरून गाडी सरळ ठेवावी, अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय सावकाश काढावा, वेग आपोआप उतरू द्यावा आणि मगच डाव्या कडेला घ्यावी. चारही इंडिकेटर लावावेत, त्रिकोण मागे ठेवावा, प्रवाशांना रस्त्यापासून दूर उभे करावे. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३ आणि आपत्कालीन ११२ हे क्रमांक आहेत. रस्त्याच्या बाजूला चाक बदलताना मागून येणाऱ्या गाडीची धडक, हा टायर फुटण्याइतकाच मोठा धोका आहे.

देवदर्शनाला निघताना गाडीला हार घालून, चाकाखाली लिंबू ठेवून ते चिरडण्याची प्रथा घरोघरी आहे. श्रद्धेचा तो भाग ज्याचा त्याचा. पण लिंबू ठेवायला माणूस चाकापाशी वाकतोच. तेवढ्याच वेळात त्याच चाकावरचे अक्षर, वय आणि हवा पाहून घेतली, तर परतीच्या वाटेवर देवाची करणी म्हणायची वेळ येणार नाही.